एकदाच करता येणाऱ्या कामाचा सराव

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो : ‘इस्रोत जायचं तर काय शिकावं लागतं?’ उत्तर ठरलेलं असतं. गणित-विज्ञान पक्कं करावं, प्रवेश परीक्षा द्यावी, अभियांत्रिकीला जावं. या उत्तरात चुकीचं काही नाही, पण त्याने अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं एका कोड्यात अडकलेलं आहे.

बहुतेक कामं माणूस चुकत चुकत शिकतो. बिघडलेलं यंत्र उघडायचं, दोष शोधायचा, पुन्हा जोडायचं, असं चार-दहा वेळा केलं की हात बसतो. उपग्रहाचं तसं नाही. हबल दुर्बिणीसारखा एखादा अपवाद सोडला, तर एकदा वर गेलेल्या उपग्रहाला पुन्हा कोणाचा हात लागत नाही. सैल राहिलेला एक स्क्रू, उलटी लागलेली एक वायर, प्रोग्रॅममधली एक चुकीची ओळ, यांतलं काहीही कित्येक वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतं. म्हणून या उद्योगाला अनुभवी माणसं हवी असतात. अनुभव मिळवायचा तर आधी उपग्रहावर काम करायला मिळालं पाहिजे, आणि काम मिळायचं तर अनुभव हवा! मग नवा माणूस तयार व्हायचा कसा? जे काम एकदाच करता येतं, त्याचा सराव करायचा कुठे?

विद्यार्थ्यांना अवकाश उद्योगाशी जोडणारे उपक्रम हे या कोड्याचं उत्तर आहे. शाळकरी मुलांच्या उन्हाळी शिबिरापासून महाविद्यालयात बनणाऱ्या उपग्रहापर्यंत त्यांचे अनेक प्रकार आहेत. ते चालतात कसे, त्यांतून विद्यार्थ्याच्या हाती नेमकं काय पडतं आणि उद्योगाला काय मिळतं, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

रॉकेटमधली पार्सलची जागा

पहिला प्रश्न पैशाचा. रॉकेटच्या उड्डाणाला कोट्यवधी रुपये लागतात. मग महाविद्यालयातल्या मुलांचा उपग्रह वर जातो कसा?

एसटीचं उदाहरण घेऊ. गाडी सुटते ती प्रवाशांसाठी, पण जागा असली की पार्सलंही जातात. पार्सल पाठवणाऱ्याला गाडीची वेळ ठरवता येत नाही, मार्गही ठरवता येत नाही. मात्र त्याला अख्खी गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही. अट एवढीच की पार्सल ठरलेल्या मापाचं आणि नीट बांधलेलं असावं, आणि त्याचा प्रवाशांना त्रास होऊ नये. रॉकेटही मुख्यतः एखाद्या मोठ्या उपग्रहासाठी उडतं. त्याच्या क्षमतेपैकी जे वजन शिल्लक राहतं, त्यात छोटे उपग्रह सोबत नेता येतात.

यातली मापाची अट पूर्वी मोठी अडचण होती. प्रत्येक छोट्या उपग्रहाचा आकार वेगळा, तो बसवण्याची रीत वेगळी, आणि तो मध्येच सुटून मुख्य उपग्रहाला धडकला तर काय, ही धास्ती वेगळीच. १९९९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकमधले जॉर्डी पुइग-सुआरी या दोन प्राध्यापकांनी त्यावर साधा तोडगा काढला. विद्यार्थ्यांचा उपग्रह सगळीकडे एकाच मापाचा असावा : लांबी, रुंदी, उंची १० सेंटीमीटर आणि वजन साधारण एक किलो. या घनाला क्यूबसॅट म्हणतात. एका दुकानातली खेळणं ठेवायची पारदर्शक डबी पाहून ट्विग्ज यांना हे माप सुचलं होतं.

मापाबरोबरच क्यूबसॅट ठेवायची बंद पेटीही आली. मुख्य उपग्रह सुटेपर्यंत पेटीचं दार बंद राहतं, त्यामुळे आतला उपग्रह फुटला-तुटला तरी बाहेर कोणाला इजा नाही. वेळ आली की दार उघडतं आणि आतली स्प्रिंग क्यूबसॅटला बाहेर ढकलते. तोपर्यंत उपग्रह पूर्ण बंद असला पाहिजे, आणि बाहेर पडल्यावरही निदान अर्धा तास त्याने अँटेना उघडायची नाही, असा दंडक आहे. पहिले क्यूबसॅट जून २००३मध्ये रशियन रॉकेटवरून गेले. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी काढलेलं हे माप पुढे व्यापारी कंपन्यांनीही उचललं.

भारतात विद्यार्थ्यांच्या उपग्रहांची वाट अण्णा विद्यापीठाच्या ४० किलो वजनाच्या ‘अनुसॅट’ने उघडली. तो २० एप्रिल २००९ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटवरून गेला. पुढच्याच वर्षी, १२ जुलै २०१० रोजी, बेंगळुरू आणि हैदराबाद इथल्या सात महाविद्यालयांनी मिळून केलेला ‘स्टुडसॅट’ गेला. त्याचं वजन एक किलोही नव्हतं.

‘स्वयम्’च्या आत

आता एक उपग्रह जवळून पाहू. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून गेला. त्या दिवशी पीएसएलव्ही-सी३४ने एकाच उड्डाणात २० उपग्रह नेले. मुख्य उपग्रह कार्टोसॅट-२ मालिकेतला होता, आणि त्याच्यासोबत जाणाऱ्यांत एक किलोचा ‘स्वयम्’ होता. हॅम रेडिओ वापरणाऱ्या हौशी मंडळींचे निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणं, हे त्याचं काम.

एवढ्याशा डब्यात काय अवघड आहे, असं वाटेल. वीज हा एकच विषय घेतला तरी कल्पना येते. पृथ्वीजवळच्या अवकाशात एका चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट सूर्यप्रकाश पडतो. क्यूबसॅटची एक बाजू चौरस मीटरचा शंभरावा भाग आहे, म्हणजे तिच्यावर पडतात जेमतेम साडेतेरा वॅट. उत्तम सौरघट त्यातल्या तीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जेचीच वीज करतात. सगळी बाजू काही सौरघटांनी झाकता येत नाही, ऊन तिरपं पडतं, आणि प्रत्येक फेरीचा एक तृतीयांशाहून जास्त काळ उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असू शकतो. हे सगळं वजा केलं की सरासरी एक-दोन वॅट हाती उरतात. मोबाइलचा साधा चार्जरही पाच वॅट देतो. एवढ्या तुटपुंज्या विजेवर संगणक, रेडिओ आणि संवेदक चालवायचे आणि सावलीतल्या वेळेसाठी बॅटरीही भरून ठेवायची.

विजेची ही चणचण पुढचा प्रत्येक निर्णय ठरवते. उपग्रह कक्षेत सुटताना गरगर फिरत असतो. त्याला स्थिर करायला मोठ्या उपग्रहांत फिरती चाकं किंवा छोटी इंजिनं असतात, पण त्यांना वीज लागते आणि जागाही लागते. ‘स्वयम्’च्या विद्यार्थ्यांनी वीज न खाणारा उपाय निवडला. उपग्रहात कायमचा चुंबक बसवला की होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत वळू पाहतो. नुसत्या चुंबकाने भागत नाही, कारण उपग्रह त्या दिशेच्या अलीकडे-पलीकडे हेलकावत राहतो. त्यासाठी खास मिश्रधातूच्या बारीक कांड्या बसवतात. उपग्रह हलला की कांड्यांमधलं चुंबकत्व उलटसुलट होतं, त्यात हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन संपते, आणि हेलकावे हळूहळू शमतात.

या उपायालाही किंमत मोजावी लागते. चुंबकीय क्षेत्राची दिशा विषुववृत्तावर आडवी आणि ध्रुवांजवळ जवळजवळ उभी असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत उपग्रह कोलांट्या घेत जातो. त्याला मनाला येईल तिकडे रोखता येत नाही. अँटेना कुठल्या बाजूला लावायची हे यावरून ठरवावं लागतं, आणि कॅमेऱ्याने अचूक नेम धरण्यासारखं काम अशा उपग्रहाकडून होत नाही. वीज वाचवली की नेम सुटतो, नेम साधला की वीज जाते. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाला एक बरोबर उत्तर असतं. इथे दोन चांगल्या गोष्टींतली एक सोडावी लागते आणि ती का सोडली हे सांगावंही लागतं. अभियंत्याचं काम इथूनच सुरू होतं.

उष्णतेचंही तसंच. अवकाशात हवा नाही, त्यामुळे पंखा लावून काही थंड करता येत नाही. तापलेल्या भागातली उष्णता धातूच्या सांगाड्यातून पृष्ठभागापर्यंत न्यायची आणि तिथून किरणांच्या रूपाने बाहेर टाकायची, एवढा एकच मार्ग. शिवाय अवकाशातून येणारे भारित कण संगणकाच्या स्मृतीतला एखादा शून्य एक करून टाकतात, आणि चालता प्रोग्रॅम अडकतो. खाली टेबलावरचा संगणक अडकला तर आपण बटण दाबतो. वर बटण दाबायला कोणी नाही. म्हणून उपग्रहात एक स्वतंत्र पहारेकरी घड्याळ ठेवतात. संगणकाने ठरावीक वेळाने त्याला ‘मी ठीक आहे’ असा इशारा द्यायचा. इशारा आला नाही, तर घड्याळ संगणक बंद करून पुन्हा सुरू करतं.

जमिनीवरचा अर्धा उपग्रह

उपग्रह सोडला म्हणजे काम संपलं, असं होत नाही. पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो आणि दीड तासाहून थोड्या जास्त वेळात पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतो. एका गावाच्या आकाशातून तो दिवसात चार-सहा वेळाच जातो, आणि प्रत्येक वेळी फार तर दहा मिनिटं दिसतो. या दहा मिनिटांत अँटेना त्याच्या मागे फिरवत संदेश पकडायचा. त्याच्या वेगामुळे येताना रेडिओलहरींची वारंवारता किंचित वाढते आणि जाताना कमी होते. हौशी उपग्रहांच्या ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे १० किलोहर्ट्झपर्यंत जातो. ग्राहकयंत्र तेवढं सरकवत नेलं नाही, तर डोक्यावर असलेला उपग्रहही ऐकू येत नाही.

कागदपत्रंही याच कामाचा भाग आहेत. कोणीही मनाला येईल त्या वारंवारतेवर उपग्रहातून बोलू शकत नाही. हौशी पट्टा वापरायचा तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाकडून समन्वय करून घ्यावा लागतो, देशातल्या यंत्रणेचा परवाना लागतो. आपल्या आधी कोण तो पट्टा वापरतं, आपला आवाज कोणाला अडथळा करील, हे वयाच्या विसाव्या वर्षी समजून घ्यावं लागतं.

आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी जमिनीवरच्या याच भागाचं सोनं केलं. त्यांचा १० किलोंचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५वरून गेला. पृथ्वीभोवतीच्या वातावरणाच्या वरच्या थरात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. रेडिओलहर त्यांतून जाताना तिच्या कंपनाची दिशा वळते, आणि किती वळली यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते काढता येतं. जीपीएसने दाखवलेल्या ठिकाणात होणारी चूक काही अंशी याच इलेक्ट्रॉनांमुळे असते, म्हणून या मोजणीचा उपयोग. मोजणी एका ठिकाणाहून करून भागत नाही. ‘प्रथम’च्या चमूने इतर महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनाही ग्रहणकेंद्र उभारायला शिकवलं. स्वतःचा उपग्रह नसलेली मुलंही त्यामुळे या कामात आली.

आठ वर्षांचं काम, चार वर्षांचे विद्यार्थी

या उपक्रमांतली सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र उपग्रहाच्या आत सापडत नाही. ‘स्वयम्’चं काम २००८ साली सुरू झालं आणि उपग्रह वर गेला २०१६ साली. ‘प्रथम’ २००७ ते २०१६ असा चालला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी महाविद्यालयात असतो चार वर्षं. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली त्यांनी उड्डाण पाहिलं ते पास होऊन नोकरीला लागल्यावर, आणि ज्यांनी उपग्रह श्रीहरिकोटाला पोचवला ते सुरुवात झाली तेव्हा शाळेत होते.

वरवर पाहता हा विलंब म्हणजे दोष. पण विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त शिकवलं ते यानेच. दर वर्षी अनुभवी मुलं निघून जाणार आणि नवी येणार, हे माहीत असल्यावर सगळं लिहून ठेवण्याला पर्याय राहत नाही. केवळ काय केलं एवढंच लिहून चालत नाही. असंच का केलं, दुसरे कोणते पर्याय पाहिले, ते का सोडले, कोणत्या चाचणीत काय बिघडलं, हेही लिहावं लागतं. नाहीतर तिसऱ्या वर्षी आलेली मुलं पहिल्या वर्षीच्याच चुका पुन्हा करतात. अवकाश संस्थांचंही कामकाज असंच चालतं. एखादी मोहीम दहा-पंधरा वर्षांची असते, माणसं बदलतात, आणि काम टिकतं ते नोंदींवर.

दुसरी सवय परीक्षणाची. उपग्रह वर नेण्याआधी इस्रोचे शास्त्रज्ञ आराखडा टप्प्याटप्प्याने तपासतात. हीच बॅटरी का, तिचा एक घट बिघडला तर काय, अँटेना उघडलीच नाही तर काय, असे प्रश्न येतात. त्यासाठी प्रत्येक भागात काय काय बिघडू शकतं आणि त्याचे परिणाम काय, याची यादी आधीच तयार लागते. मग चाचण्या. रॉकेटच्या धक्क्यांना उपग्रह टिकतो का हे पाहायला त्याला यंत्रावर तिन्ही दिशांनी हादरवतात. निर्वात पेटीत ठेवून आळीपाळीने तापवतात आणि गोठवतात. शक्य असेल तिथे एकसारखे दोन उपग्रह करतात. एकावर कठोर चाचण्या होतात, आणि दुसरा उड्डाणासाठी जपून ठेवतात.

उपग्रह न बनवता अवकाशात

प्रत्येक महाविद्यालयाला आठ वर्षं धीर धरणं परवडत नाही. त्यांच्यासाठी इस्रोने आणखी एक वाट काढली आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर कक्षेतच रिकामा राहतो. एरवी तो कचराच. त्याला सौरपट्ट्या, बॅटरी, दिशा सांभाळणारी यंत्रणा आणि पृथ्वीशी बोलणारा रेडिओ जोडला की तोच एक फिरता प्रयोगमंच होतो. याचं नाव ‘पोएम’. वीज, दिशा आणि संपर्क मंचाकडून मिळतो, विद्यार्थ्यांनी फक्त आपलं उपकरण आणायचं.

१ जानेवारी २०२४ रोजी गेलेल्या पोएम-३वर तिरुवनंतपुरमच्या मुलींच्या अभियांत्रिकी संस्थेचं, एलबीएसचं, अतिनील किरणं मोजणारं ‘वीसॅट’ होतं. तो टप्पा आधीच खालच्या कक्षेत आणलेला असल्यामुळे मार्च २०२४मध्ये वातावरणात शिरून जळून गेला आणि वर कचरा राहिला नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी गेलेल्या पोएम-४वर २४ उपकरणं होती. त्यांत मुंबईच्या अॅमिटी विद्यापीठाचा एक प्रयोग होता : वजनरहित अवस्थेत पालकाच्या पेशी कशा वाढतात ते पाहण्याचा. अवकाश म्हटलं की आपल्याला फक्त यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं आठवतात. या प्रयोगाने वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तिथे जागा आहे हे दाखवलं.

पडलेल्या उड्डाणाचा धडा

अवकाशाच्या कामात अपयश येतंच, आणि विद्यार्थ्यांना त्यापासून वेगळं ठेवता येत नाही. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींच्या सहभागातून ‘आझादीसॅट’ तयार झाला. त्यातली छोटी छोटी उपकरणं मुलींच्या गटांनी तयार केली होती. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या एसएसएलव्ही या नव्या रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात तो गेला. दुसरा टप्पा वेगळा होताना बसलेल्या हादऱ्याने वेग मोजणाऱ्या संवेदकांचे आकडे क्षणभर मर्यादेबाहेर गेले. संवेदकच बिघडले, असा रॉकेटच्या संगणकाने अर्थ लावला आणि तो आपत्कालीन पद्धतीवर गेला. परिणामी उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळात सुटले. ७६ किलोमीटर उंचीवर वातावरण पुरेसं दाट असतं. तिथे उपग्रह टिकत नाही, तोही टिकला नाही.

या घटनेत मुलींच्या उपकरणांची काहीच चूक नव्हती. तरी सगळं गेलं. हे पचवणं कठीण, पण इस्रोने कारण शोधलं, जाहीर केलं, सुधारणा केल्या, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसऱ्या एसएसएलव्हीने ‘आझादीसॅट-२’ ठरलेल्या ४५० किलोमीटरच्या कक्षेत पोचवला. दोष कोणाचा यापेक्षा दोष कुठे, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. हे या मुलींना शाळेतच पाहायला मिळालं.

पायऱ्या शाळेपासूनच

उपग्रह ही वरची पायरी झाली. खालच्या पायऱ्या शाळेत सुरू होतात. इस्रोचा ‘युविका’, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम, २०१९ साली सुरू झाला. नववीच्या वयाच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रांवर राहून शिकता येतं. निवड करताना आठवीच्या गुणांबरोबर विज्ञान प्रदर्शनं, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-एनसीसी यांचाही विचार होतो, आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना जादा गुण मिळतात. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या गावातल्या मुलीने अर्ज भरायला हवा तो यासाठी.

पुढची पायरी ‘कॅनसॅट’ची. सरबताच्या कॅनएवढ्या डब्यात संवेदक, रेडिओ आणि पॅराशूट बसवायचं, छोट्या रॉकेटने किंवा ड्रोनने वर नेऊन सोडायचं, आणि खाली येता येता तापमान, दाब, उंची जमिनीवर पाठवायची. ही कल्पनाही ट्विग्ज यांचीच. यात वीज, वजन, संपर्क, चाचणी हे उपग्रहाचे सगळे विषय येतात, फक्त डबा परत हातात मिळतो आणि चूक शोधता येते. भारतात इन-स्पेस, इस्रो आणि अॅस्ट्रोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया मिळून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कॅनसॅट स्पर्धा घेतात.

अवकाश विभागाचीच पदवी हवी असेल, तर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही संस्था २००७पासून आहे. तिथला बीटेकचा प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डमधून होतो. तिच्या विद्यार्थ्यांनी कोलोरॅडो, सिंगापूर आणि तैवानमधल्या विद्यापीठांसोबत केलेला ‘इन्स्पायरसॅट-१’ १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कक्षेत गेला.

उद्योगाला काय मिळतं?

२०२०पर्यंत भारतात अवकाश म्हणजे इस्रो असंच समीकरण होतं. त्या वर्षी सरकारने हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं केलं आणि परवानगी, सुविधा व मार्गदर्शनासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था उभी केली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूट या कंपनीचं ‘विक्रम-एस’ हे भारतातलं पहिलं खाजगी रॉकेट उडालं. पृथ्वीची बारीक रंगपट्ट्यांत छायाचित्रं घेणारे उपग्रह बनवणारी पिक्सेल ही कंपनी २०१९ साली बिट्स पिलानीत शिकणाऱ्या दोघांनी सुरू केली. उपग्रहांसाठी तुलनेने निर्धोक इंधनावर चालणारी इंजिनं बनवणारी मुंबईची मनस्तु स्पेस आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांची आहे. नव्या कंपनीकडे माणसाला तीन वर्षं शिकवत बसायला वेळ नसतो. परीक्षणाला सामोरा गेलेला, चाचणीत उपकरण बिघडलेलं पाहिलेला आणि ते लिहून ठेवलेला पदवीधर तिला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

आणि हा उद्योग फक्त बीटेकवाल्यांचा नाही. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात लागणारं विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतं. रॉकेटच्या घन इंधनाची अजस्र कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात तयार होतात. त्यांचे जोड घालणारा वेल्डर, मायक्रॉनच्या मापाने काम करणारा मशिनिस्ट आणि प्रत्येक जोड तपासणारा निरीक्षक नसेल, तर उत्तम आराखडाही कागदावरच राहतो. इस्रो स्वतः आयटीआय झालेल्यांना तंत्रज्ञ आणि पदविकाधारकांना तांत्रिक साहाय्यक म्हणून घेते. विद्यार्थ्यांना अवकाश उद्योगाशी जोडायचं, तर आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे वर्ग या योजनांत आजच्यापेक्षा खूप जास्त आले पाहिजेत.

थोडक्यात

• उपग्रह कक्षेत गेल्यावर सहसा दुरुस्त करता येत नाही, म्हणून त्याच्या कामाचा सराव आधीच करावा लागतो. विद्यार्थ्यांचे उपक्रम हे त्या सरावाचं मैदान.
• क्यूबसॅटच्या ठरावीक मापामुळे रॉकेटमधली शिल्लक क्षमता विद्यार्थ्यांना वापरता येते.
• एक किलोच्या उपग्रहातही वीज, दिशा, उष्णता, संपर्क यांत निवड करावी लागते. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं.
• विद्यार्थी बदलत राहतात, म्हणून नोंदी ठेवण्याची सवय लागते. उद्योगाला हीच सवय हवी असते.
• पोएममुळे पूर्ण उपग्रह न बनवताही प्रयोग वर पाठवता येतो.
• युविका आणि कॅनसॅट या त्याआधीच्या पायऱ्या.

पालक आणि शिक्षकांसाठी

अवकाशाचं आकर्षण मोठं, म्हणून त्याच्या नावावर महागडी शिबिरं आणि परदेशी सहलीही निघतात. मुलांना रॉकेट पाहायला मिळणं चांगलंच, पण पाहणं म्हणजे शिकणं नाही. कोणत्याही उपक्रमाला मुलाचं नाव घालण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. विद्यार्थी स्वतःच्या हाताने काय बनवणार? ते कोण आणि कसं तपासणार? बिघडलं तर दोष शोधून पुन्हा करायला वेळ आहे का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तर तो उपक्रम गावातल्या शाळेतला साध्या संवेदकांचा का असेना, मुलाला तिथे पाठवा. उत्तरात फक्त प्रमाणपत्र आणि छायाचित्रं असतील, तर ते पैसे वाचवा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगचं साहित्य आणून द्या.

शिक्षकांनीही मोठ्या निधीची वाट पाहू नये. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा हौशी रेडिओ अनेकदा १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो आणि तो पकडायला फार महागडी साधनं लागत नाहीत. जुलै २०२५मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी तिथूनच हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या. स्थानक आपल्या गावावरून कधी जाणार हे मुलांना काढू द्या, अँटेना मुलांना बनवू द्या. पहिल्या वेळी नुसती खरखर ऐकू येईल. का ऐकू आलं नाही ते वहीत लिहायला लावा, आणि पुढच्या फेरीला पुन्हा प्रयत्न करा.